पत्र्याला कोण विचारतंय?

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार.
सांगलीत विश्रामबागच्या बाजूला आमचा बंगला आहे. प्लॉट बावीसशे चौरस फुटांचा, बांधकाम १९९६ चं. तळमजला आणि वर दोन खोल्या, सगळं मिळून सोळाशे चौरस फूट. घराच्या मागच्या भिंतीपासून कंपाउंडपर्यंत सोळा फूट मोकळी जागा आहे. शाळेतून निवृत्त झाले तशी मला बागेची आवड लागली. कुंड्या, खताची पोती, कुदळ-खुरपी, पाइप आणि त्यात आमच्या ह्यांची सुतारकामाची हत्यारं, सगळं जिन्याखाली कोंबलेलं आहे. म्हणून मागच्या कंपाउंडला लागून चौदा बाय दहाची पत्र्याची शेड मारायची ठरवली. कंपाउंडचीच भिंत मागे मिळाली की खर्चही वाचतो.

फॅब्रिकेटर म्हणतो, "मॅडम, पत्र्याला कोण विचारतंय? शनिवारी अँगल उभे करतो, रविवारी पत्रा टाकतो. सोमवारी ऑफिस उघडेपर्यंत काम संपलेलं." त्याला दहा हजार अॅडव्हान्स दिला आहे. पण मागच्या प्लॉटमधल्या काकांच्या कानावर गेलं आणि ते गेटवर येऊन म्हणाले, "पागोळ्या माझ्या अंगणात पडणार. शेड मारलीत तर महापालिकेत तक्रार करीन." आमचा भाचा कॅनडात ओंटारिओला असतो. तो सांगतो, तिकडे पंधरा चौरस मीटरपर्यंतच्या शेडला परवाना लागत नाही, मग आपल्याकडे कशाला लागेल? धाकट्या दिरांनी तासगावकडे शेतात ह्याच्या चौपट शेड मारली, त्यांना कुणी हटकलं नाही. मग आम्हालाच का? खरं काय ते सांगा.
– एक वाचक, सांगली

उत्तर

ताई, आधी उत्तर देतो, कारणं मागून. परवानगी लागते. तुम्ही म्हणता त्या जागी, कंपाउंडला चिकटून, ती मिळणार नाही. पण तुमच्या सोळा फुटांत एक शेड कायद्याने बसू शकते, फक्त तुम्ही धरलेल्या बाजूच्या बरोबर उलट्या बाजूला. तेव्हा फॅब्रिकेटरला आज एक फोन करा आणि 'अँगल कापू नका' एवढंच सांगा.

तो खोटं बोलतोय असं मी म्हणणार नाही. त्याने आजवर मारलेल्या बहुतेक शेडना खरंच कुणी विचारलं नसेल. पण कुणी विचारत नाही म्हणजे परवानगी लागत नाही, असं होत नाही. आणि नोटीस निघते ती जागामालकाच्या नावाने. फॅब्रिकेटर तोवर दुसऱ्या गल्लीत वेल्डिंग करत असतो.

पत्र्याची शेड म्हणजे बांधकाम नव्हे, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की शिकलेली माणसंही तीवर विसंबून पैसे घालतात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ उघडून 'इमारत' ह्या शब्दाची व्याख्या वाचा. घराच्या मांडीला मांडी लावून तिथे तबेला, झोपडी आणि शेड बसलेली आहे, अगदी नावानिशी. दगड-विटांची असो, लाकडाची, मातीची की धातूची, फरक पडत नाही. आत माणूस राहतो का, हेही बघायचं नाही. दुसरा कायदा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चा. ऑफिसात सगळे त्याला एमआरटीपी म्हणतात. त्यात बांधकामाच्या कामांमध्ये मोकळ्या जागेवर छप्पर घालणंही धरलेलं आहे. चारी बाजूंनी उघडं असलं तरी. म्हणजे 'अहो, भिंती कुठे आहेत, नुसतं छप्पर तर आहे' हा बचाव १९६६ सालीच संपला.

'तात्पुरतं आहे हो' हे म्हणणं तर चक्क अंगावर येतं. एमआरटीपीचं कलम ५५ खास विनापरवाना तात्पुरत्या बांधकामांसाठी आहे. पंधरा दिवसांत काढून घ्या, असा आदेश त्याखाली देता येतो, आणि कुठलं बांधकाम तात्पुरत्या स्वरूपाचं हे ठरवण्याबाबत नियोजन प्राधिकरणाचा, म्हणजे तुमच्या बाबतीत महापालिकेचा, निर्णय अंतिम असतो. पक्क्या बांधकामाला निदान कलम ५३ ची नोटीस येते आणि तिच्या मुदतीत 'हे राहू द्या' म्हणून कलम ४४ खाली अर्ज करता येतो. तुम्ही स्वतःच्या तोंडाने तात्पुरतं म्हणालात, तर तुम्हाला मिळू शकणारी जास्तीची सवड तुम्हीच घालवलीत.

आता जागेबद्दल. सगळी गोम तिथे आहे.

तुमच्या घराचा मंजूर नकाशा काढा. १९९६ चा म्हणजे त्यावर नगरपालिकेचा शिक्का असेल, कारण सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका झाली ती १९९८ मध्ये. जुनी निळी प्रिंट ट्रंकेत सापडली तर उत्तम. नाहीच सापडली तर नगररचना विभागात प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. तिथे दाद लागली नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचं शुल्क भरून मागा, तीस दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे. त्या नकाशात प्लॉटच्या हद्दीच्या आत एक दुसरी चौकट असते. हद्द आणि ती चौकट ह्यांच्या मधल्या पट्ट्याला सामासिक अंतर म्हणतात, बोलण्यात मार्जिन. पुढे किती, बाजूंना किती, मागे किती, ते मीटरमध्ये लिहिलेलं असतं. तुमच्यासारख्या प्लॉटला मागे तीन मीटर लिहिलेले असतील असं मी समजून चालतो; आकडा वेगळा निघाला तर पुढचा हिशेब त्याप्रमाणे फिरवा.

तीन मीटर म्हणजे साधारण दहा फूट. हा पट्टा कंपाउंडकडून मोजायचा. तुम्ही शेड ठरवलीत ती नेमकी ह्या दहा फुटांत, वीतभरही जागा न सोडता. त्यात विहीर, पाण्याची टाकी, झाडाभोवतीचा पार, कारंजं अशा काही गोष्टी नियमांनी चालतात. सामान ठेवायची चौदा बाय दहाची शेड त्यांत बसत नाही.

"पण आमचं एवढं एफएसआय शिल्लक आहे," असं इथे हमखास विचारलं जातं. असेलही. एफएसआय म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक, प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा. बावीसशे चौरस फुटांच्या प्लॉटवर मूळ निर्देशांक १.१ धरला तर २४२० चौरस फूट होतात, तुमचे वापरले गेलेत सोळाशे. म्हणजे आठशेच्या वर बाकी. पण चटई क्षेत्र सांगतं किती बांधायचं. कुठे बांधायचं ते सामासिक अंतर सांगतं. बँकेत पैसे आहेत म्हणून शेजाऱ्याच्या दारात गाडी लावता येत नाही, तसंच हे. शिल्लक एफएसआय मार्जिनमध्ये खर्च करता येत नाही.

आणि हे अंतर कुणा बाबूच्या लहरीने आलेलं नाही. तुमचे तीन मीटर आणि काकांचे तीन मीटर मिळून दोन घरांच्या पाठींमध्ये सहा मीटरची मोकळी पट्टी राहते. दोघांच्या मागच्या खोल्यांना वारा आणि उजेड तिथून येतो. एका घराला आग लागली तर दुसऱ्यापर्यंत पोचायला तिला तेवढं अंतर ओलांडावं लागतं. तुमच्या शेडमध्ये तर लाकडाचा भुसा, पॉलिश आणि थिनर असणार. शिवाय १९९६ सालच्या बंगल्यांचे चेंबर आणि सेप्टिक टँक पुष्कळदा मागच्याच अंगणात असतात. टँकवर शेड मारलीत की पुढच्या वेळी उपसा करणाऱ्या गाडीचा पाइप कुठून घालायचा? हा प्रश्न कायद्याचा नाही, पण मागच्या अंगणात शेड मारून बसलेल्यांना तो नोटिशीच्या आधी भेटतो.

बरं, आता तुमची जमेची बाजू. मागे सोळा फूट आहेत. दहा मार्जिनचे गेले तरी घराच्या भिंतीला लागून सहा फूट उरतात, आणि ती जागा आतल्या चौकटीत येते. म्हणजे शेड कंपाउंडला लावू नका, घराला लावा. चौदा बाय सहा, चौऱ्याऐंशी चौरस फूट. तुमच्या मूळ मापाच्या निम्म्याहून थोडी जास्त. कुंड्या, पोती आणि हत्यारांना ती पुरते. रंधा मारायचं टेबल मात्र बाहेर अंगणात आणावं लागेल, आणि खरं सांगू का, भुशाच्या दृष्टीने तेच बरं.

ह्यालाही परवानगी हवीच. मूळ नकाशात ही शेड नसल्याने परवानाधारक अभियंत्याकडून किंवा वास्तुविशारदाकडून वाढीव बांधकामाचा सुधारित नकाशा काढून घ्यावा लागेल. आजच्या तारखेला तो तपासला जाईल तो एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. डिसेंबर २०२० पासून ती जवळजवळ सगळ्या राज्याला लागू आहे; बृहन्मुंबई महापालिका, एमआयडीसीचे भाग, नवी मुंबई विमानतळाभोवतीचं नैना क्षेत्र आणि काही थंड हवेची ठिकाणं असे थोडेच भाग बाहेर आहेत. म्हणून मागच्या बाजूचं अंतर दोन्ही ठिकाणी बघा, जुन्या नकाशात आणि आजच्या नियमात. ह्याच नियमावलीने छोट्या प्लॉटसाठी जोखमीनुसार गट पाडले. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला अभियंत्याच्या सहीचा नकाशा, शुल्क आणि सूचना दिली की काम सुरू करता येतं; दीडशे ते तीनशेपर्यंत अभियंत्याच्या प्रमाणपत्रावर लवकर, दहा दिवसांत, परवानगी द्यायची असते. तुमचा प्लॉट २०४ चौरस मीटरचा, म्हणजे दुसऱ्या गटातला. घराला जोडून होणाऱ्या ह्या छोट्या वाढीसाठी तोच मार्ग धरता येतो का, हे अभियंत्याकडून फी ठरवण्याआधीच विचारून घ्या. त्याची फी आणि महापालिकेचं विकास शुल्क मिळून शेडचं बजेट वाढणार, हे गृहीत धरा.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. अर्ज करून साठ दिवस उलटले की परवानगी मिळाल्यासारखंच, असं लोक ऐकून असतात. एमआरटीपीच्या कलम ४५ मध्ये तशी मानीव परवानगी आहे खरी. पण प्रस्ताव मुळात नियमात बसत असेल तरच. मार्जिनमधल्या शेडचा अर्ज टाकून साठ दिवस कॅलेंडर बघत बसण्यात अर्थ नाही.

सांगलीत आहात म्हणून आणखी एक बघा. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर तुम्हाला सांगायला नकोत. नदीकाठची पात्र ते निळी पूररेषा ही जागा बांधकामाला जवळपास बंदच असते. निळी आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ४५ सेंटिमीटर वर हवं. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या एकदाची. तुमचा प्लॉट ह्या रेषांच्या बाहेर असण्याचीच शक्यता जास्त, पण अभियंत्याला विकास आराखड्यावर बोट ठेवून दाखवायला सांगा. गावभागातला किंवा नदीच्या बाजूचा कुणी हे वाचत असेल, तर त्याने शेडचा विचार करण्याआधी हेच बघावं.

भाच्याचं म्हणणं खरं आहे, अर्धं. ओंटारिओत २०२२ पासून पंधरा चौरस मीटरपर्यंतच्या शेडला बांधकाम परवान्यातून सूट आहे. ती एकमजली हवी, घराला जोडलेली नको, फक्त सामान ठेवायची हवी आणि आत नळकाम नको. तुमची चौदा बाय दहा, म्हणजे तेरा चौरस मीटर, तिथे त्या मर्यादेत बसली असती. पण ही सूट फक्त परवान्यापुरती. हद्दीपासून किती दूर, किती उंच, प्लॉटचा किती भाग व्यापायचा, ह्याचे तिथल्या नगरपालिकांचे वेगळे उपनियम असतात आणि ते सुटत नाहीत. त्याच्या गावच्या उपनियमात मागच्या हद्दीपासून किती अंतर सोडायला सांगितलंय, ते विचारा त्याला. कुंपणाला चिकटवून शेड मारली की तिकडेही शेजारी बोलावतात ते पालिकेच्या माणसालाच. आपल्याकडे फरक एवढाच की परवानगीच्या एकाच फायलीत दोन्ही गोष्टी तपासल्या जातात.

दिरांची गोष्ट निराळी. त्यांची जमीन शेतीची. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये शेतातल्या इमारतीची व्याख्याच दिलेली आहे: अवजारं, खत, चारा किंवा शेतमाल ठेवायला, जनावरं बांधायला, शेतकऱ्याच्या कुटुंबाला किंवा गड्यांना राहायला. अशी इमारत शेतीच्या वापरातच मोडते, तिला अकृषिक परवानगी लागत नाही. शहरांच्या आणि त्यांच्या हद्दीलगतच्या ठरावीक पट्ट्यात मात्र तिच्यासाठीही जिल्हाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. तासगावकडची ती शेड द्राक्षाच्या पेट्या आणि फवारणीचा पंप ठेवायला असेल तर ठीक. उद्या तीच गॅरेजला भाड्याने दिली, तर दीरही तुमच्यासारखंच पत्र लिहायला बसतील. गावठाणातल्या घराला अजून निराळा नियम. तिथे ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५२ प्रमाणे ग्रामपंचायतीची परवानगी. शेताचं उदाहरण शहरातल्या बंगल्याला लावता येत नाही.

शनिवार-रविवारच्या बेताबद्दल. सोमवारी ऑफिस उघडेपर्यंत शेड उभी राहील, ह्यात शंका नाही. पण परवानगी न घेतलेलं बांधकाम सोमवारी जुनं होत नाही. महापालिका अधिनियमाच्या कलम २६० खाली किंवा एमआरटीपीच्या ५३ खाली नोटीस केव्हाही येऊ शकते, आणि काकांनी तक्रार केली की ती फाइल कुणाला तरी बंद करावीच लागते. सुप्रीम कोर्टाने १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सगळ्या देशासाठी घालून दिलं आहे, की पंधरा दिवसांची पूर्वसूचना, म्हणणं मांडायची संधी आणि अंतिम आदेशानंतर आणखी पंधरा दिवस ह्यांशिवाय कुणाचं बांधकाम पाडता येणार नाही. रस्ता, फूटपाथ, नदी अशा सार्वजनिक जागेवरची अतिक्रमणं त्यातून वगळली आहेत. त्या खंडपीठावर होते आपल्या अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई. ह्याचा अर्थ कुणी रातोरात गॅसकटर घेऊन येणार नाही, एवढाच. शेड वाचेल असा नाही. त्यातही 'आधी मारू, मग नियमित करून घेऊ' हा बेत तुमच्या मापाला लागूच पडत नाही; जी शेड अर्ज केल्यावर मंजूर झाली नसती, ती उभी केल्यावरही मंजूर होत नाही. फारच अडचणीच्या प्लॉटला थोडी सवलत द्यायचे अधिकार नियमावलीने आयुक्तांना दिलेले आहेत, पण मागे सोळा फूट मोकळे असताना तुम्ही अडचण कसली दाखवणार?

शिक्षेचं कलमही आहे, एमआरटीपीचं ५२ वं. एक महिना ते तीन वर्षं कैद आणि दोन ते पाच हजारांपर्यंत दंड. बागेच्या शेडसाठी निवृत्त बाईंना तुरुंग, असं मी कधी पाहिलं नाही. पण खटला दाखल करायची नुसती सही माणसाची झोप उडवायला पुरे होते. त्याहून खिशाला लागणारी गोष्ट म्हणजे शास्ती. विनापरवाना बांधकामावर मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत दंडात्मक आकारणी होऊ शकते, ती दरवर्षी, बांधकाम तसंच राहील तोवर. पिंपरी-चिंचवडमध्ये शास्तीकराचं राजकारण किती वर्षं चाललं ते पेपरात वाचलं असेल. आणि ती भरली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही, हे कायद्यातच लिहून ठेवलंय. घरपट्टीच्या पावतीवर 'पत्रा शेड' लागलं की शेड कायदेशीर झाली असं समजणारे खूप भेटतात. पावती कराची असते, परवानगीची नव्हे. पुढे बंगला विकायची किंवा गहाण ठेवायची वेळ आली तर बँकेचा मूल्यांकन करणारा मंजूर नकाशा हातात घेऊनच अंगणात फिरतो.

काकांकडे आता वळू. त्यांचा राग तुम्हाला नको त्या वेळी आला असेल, पण मुद्दा त्यांचा बरोबर आहे. कंपाउंडला टेकवलेल्या शेडचा उतार त्यांच्याकडे दिलात तर चौदा फुटांवरचं पावसाचं सगळं पाणी त्यांच्या भिंतीच्या बुडाशी. आपल्या नव्या छपराचं पाणी दुसऱ्याच्या जागेत सोडायचा हक्क आपोआप कुणाला मिळत नाही. दिवाणी कोर्टात त्यावर मनाई मिळते. फॅब्रिकेटर सांगेल, पन्हळ लावून देतो. पन्हळीत पानं अडकतात, वळवाच्या पहिल्या सरीला ती भरून वाहते, आणि मग गेटवर पुन्हा काका.

घराला लावलेल्या शेडचा उतार बाहेरच्या बाजूला राहील. पागोळ्या पडतील तुमच्याच अंगणात, त्यांच्या कंपाउंडपासून दहा फुटांवर. खाली एक ड्रम ठेवलात तर कुंड्यांचं पाणी झालं. हे काकांना आत्ताच सांगा, अर्ज करायच्या आधी. जमलं तर अभियंत्याचा कच्चा नकाशा घेऊन त्यांच्या ओट्यावर जा. कागदावर दहा फूट दिसले की बोलणं निम्मं कमी होतं. मात्र त्यांच्याकडून 'माझी हरकत नाही' असं लिहून घेण्याच्या भानगडीत पडू नका. तसं त्यांनी स्टँपपेपरवर दिलं तरी मार्जिन माफ होत नाही, आणि उद्या त्यांनी घर विकलं तर नवा मालक त्या कागदाकडे बघणारही नाही.

परवानगीची एवढी यातायात नकोच वाटली, तर छोटा उपाय आहे. बाहेर ठेवायची पावसा-पाण्याला टिकणारी लोखंडी किंवा फायबरची कपाटं मिळतात. उचलून हलवता येईल, जमिनीत रोवलेलं नसेल, वर छप्पर टाकलेलं नसेल असं कपाट म्हणजे घरातलं सामान. त्याला कुणी नकाशा मागत नाही. दोन कपाटांत हत्यारं आणि खुरपी मावतात. खताची पोती लाकडी फळीवर, ताडपत्रीखाली. पावसाळ्यापुरतं पाण्यापासून आडोसा म्हणून तात्पुरतं आच्छादन घालायला महापालिका मर्यादित मुदतीची परवानगी देऊ शकते. दसऱ्यापर्यंत ते काढायचं मात्र खरोखर काढायचं. ते कायम राहिलं की कलम ५५ तुमची वाट बघतंच आहे.

शेडच करायची ठरवलीत, तर फॅब्रिकेटरशी बोलायच्या चार गोष्टी. चौदा फुटांची भिंत निवडताना स्वयंपाकघराची आणि बाथरूमची खिडकी आत जाणार नाही असा भाग घ्या. त्या खिडक्या उघड्या हवेत राहायलाच हव्यात, नकाशा तपासणारा हे पहिलं बघतो. पत्रा आणि घराची भिंत मिळते तिथे फ्लॅशिंगची पट्टी आणि सीलंट लागेल, नाहीतर मागच्या खोलीला ओल धरेल. आपल्याकडे एप्रिल-मे मधला वळवाचा वारा पत्रा वरून दाबत नाही, खालून उचलतो. म्हणून खांबांना जमिनीत काँक्रीटचा पाया, बेस प्लेट आणि पत्र्याला पुरेसे जे-हुक हवेतच. मागून महावितरणची उघडी तार जात असेल तर साध्या दाबाच्या तारेपासून आडवं १.२ मीटर अंतर सुटलंच पाहिजे. आत दिवा आणि ड्रिलसाठी प्लग घेणार असाल तर लोखंडी सांगाड्याला अर्थिंग आणि लाइनवर आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की लाइन तोडणारा स्विच, लावून घ्या; ओल्या अंगणातल्या लोखंडी शेडमध्ये ह्याला पर्याय नाही. आणि मध्ये एखादं झाड येत असेल तर त्याला कुऱ्हाड लावू नका. शहरात झाड तोडायलाही १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली वेगळी परवानगी लागते, ती महापालिकेच्या उद्यान विभागाकडे मागायची.

राहिला दहा हजारांचा अॅडव्हान्स. काम रद्द केलंत असं फॅब्रिकेटरला सांगू नका, मापं बदलली असं सांगा: चौदा बाय दहाऐवजी चौदा बाय सहा, घराच्या भिंतीला टेकून, उतार बाहेर. नवं कोटेशन लेखी घ्या, त्यात पत्र्याची जाडी, पायाची खोली आणि फ्लॅशिंग लिहून घ्या, आणि अॅडव्हान्स ह्याच कामात वळता केल्याची एक ओळ त्यावर सहीनिशी लिहून घ्या. उरलेल्या पैशांतला पहिला हप्ता मंजुरीचं पत्र हातात आल्यावर.